तहानेची गोळी

दुष्काळात अख्खा जिल्हा वाळत होता आणि आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन तेवढे फुगत होते. लोक टोमणे मारायला लागले, तसं त्यांनी सोलापूरच्या डॉक्टरकडून वजन उतरवायच्या गोळ्या आणल्या. भूक मेली, पण तोंड असं कोरडं पडायचं की बोलताना जीभ टाळूला चिकटायची.

एकदा मी आणि चेअरमनसाहेब अणदूरकडं गेलो. एका म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या साली पाहुण्यानं तांब्या नुसता ओठाला लावून परत द्यायचा, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. चेअरमनसाहेबांनी तो रिकामा केला आणि आणखी मागितला.

"दुखणं-बिखणं हाय का काय?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाय मावशी, बारीक व्हायच्या गोळ्या खातोय. भूक लागत न्हाय, पर तोंडाला लई कोरड पडती."

म्हातारीनं त्यांच्या हातावर एक चिंचोका ठेवला. "गालात धरा. थुकी सुटती. आमी बी ह्येच करतो."

आम्ही उठलो तेव्हा तिनं चेअरमनला हाक मारली. "साहेब, रेशनची ज्वारी मिळती हितं. डाक्टरला इचारा, तहान मरायची गोळी हाय का. असली तर गावाला आणा."