नऊशे रुपयांचा मोकळा श्वास

आन वर तुमाला सांगतो, तो गाडीच्या सामानाचा दुकानदार मलाच म्हणतो कसा, "काका, गाडी झकास हाय, फक्त इंजिनाला श्वास घेऊ द्या!" श्वास! अहो, ह्या दुष्काळात माणसाला श्वास घ्यायची फुरसत न्हाई, आन ह्याला माझ्या जुन्या व्हॅनीची काळजी!

पण गरज माझीच व्हती ना! सासूबाई, चतुराबाई, मांजरसुंब्याच्या पल्याड राहत्यात. तिथले हापसे कोरडे, टँकर आला तर आला. मी बीडला दूध संघात नोकरीला, संघाच्या बोअरला तेवढं पाणी टिकलेलं. म्हणून दर रविवारी मी आन आमची पारूबाई व्हॅनीत दोन मोठे ड्रम भरून निघतो. घाट आला की गाडी लागती धापा टाकायला... मग पारूबाईनं उतरायचं, चढ पायी चढायचा, आन मी ड्रम घेऊन वर जाऊन थांबायचं! जीपवाले ओरडत्यात, "ओ काका, पाणी बसवलं आन काकूला चालवता व्हय!" लई लाज वाटती हो. तिला आरशात मागं मागं पडताना बघून जीव तुटतो!

म्हणून घेतला तो हवेचा लालभडक फिल्टर, नऊशे रुपयांत. जुन्या फिल्टरचा डबा काढला, हा बसवला, दोन पट्ट्या आवळल्या, झालं! आवाज? अहो, ट्रक आल्यागत आवाज! गल्लीतली माणसं बाहेर आली! मी म्हणलो, इंजिनानं घेतला श्वास... आन रविवारी घाटात काय? आवाज गेला वर, गाडी राहिली खाली. पारूबाई आपली गुमान उतरली. येताना मात्र गाडी काय पळाली, काय पळाली! मी म्हणलो, "बघ, घेतला का न्हाई श्वास?" ती म्हणली, "अवो, ड्रम रिकामे हायेत. आन हा उतार हाय."

घ्या!

गेलो हबीबभाई मिस्त्रीकडं, जुना डबाबी संगं घेऊन. त्यानं सीट उचललं, खालचं इंजिन बघितलं, कपाळावर हात मारला. "जालिंदरभाऊ, ये क्या लगाया? जुना डबा बाहेरची गार हवा वढत व्हता, हा इंजिनाचीच गरम वाफ पितोय! वरून रस्त्याचा फुफाटा!" मी म्हणलो, "पण इंजिनाला श्वास..." तो म्हणला, "श्वास पायजे तर आधी नाक साफ करा की बे!" आन जुना फिल्टर जमिनीवर आपटला. तुमाला सांगतो, दोन वर्षांचा दुष्काळ बाहेर पडला त्यातनं! त्यानं साधा नवा कागदी फिल्टर घातला, डबा जागच्या जागी बसवला, प्लग घासले. बस.

रविवारी गाडी घाट चढली. भरल्या ड्रमांसकट, पारूबाईसकट! मला वाटलं आता ही म्हणंल, शाब्बास. तर ही आपली खिडकीतनं मागं चढाकडं बघत बसली. म्हणलो, "कावून गं? पाय दुखले न्हाईत, ऊन लागलं न्हाई, मग तोंड कावून पडलं?"

ती म्हणली, "वर पोचले की तुमी ड्रमातला पह्यला तांब्या माझ्या हातात द्यायचे. तीस वर्षं झाली लग्नाला, पाणी मीच देत आले. तुमी दिलेलं तेवढंच."

मला तर कधी ध्यानातबी आलं न्हाई हो!

तवापासून पायथा आला की मीच म्हणतो, "उतर बाई, गाडी वढंना." ती हसती, पदर खोचती, उतरती. आन त्या हबीबभाईनं गाडी इतकी झकास करून ठेवलीय, की तुमाला सांगतो... त्या गाडीला खोट्या धापा टाकायला लावता लावता माझाच दम निघतो!