ढाब्यावरचे थेंब

तुमी विचारता ना, मी रोज कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर काहून जातो?

चष्मा काढायचा होता. डॉक्टर म्हणाले, "तुमचं बुबुळ पातळ आहे, बुबुळाचा पापुद्रा उचलून करतात तो लेझर नको. वरवरचाच करू. पण बरं व्हायला वेळ लागेल. घरी थेंब टाकायला कोण आहे?"

"हाय की," मी म्हणलो. घरात मी एकटाच.

मंग ढाबेवाल्या मामाकडंच शिशी ठेवली. ते हाताचं भाकरीचं पीठ धुऊन यायचे अन् म्हणायचे, "मान वर कर."

डोळे कवाच बरे झाले. तरी मी थेंबाच्या बहाण्यानं जाऊनच राहिलो.

काल मामा म्हणले, "शिशी तर कवाचीच रिकामी हाय."

मी ओशाळून उठलो.

"काहून उठला? बस. मान वर कर."