आतलं चाक उठतं तवा

काय सांगू तुमाला, मी मूलची शहाडची, नदीकाठची, बापाला आमी पोरीच, म्हनून गवताची गाडी कल्यानला न्यायची तर कासरा माझ्याच हाती. लगीन होऊन कलव्याला आले तर गाव हसला, बाई गाडी हाकते म्हनून, पन धनी नाय हसले. त्यांना सोताला शर्यतीचा नाद, छकडा हलका, दोन मानसं जेमतेम मावतील असा, आन बैल असे की जू ठेवताना पन थरथरायचे.

त्याच छकड्यानं घात केला. शर्यतीत खांबाला वलसा घालताना उलटला, धनी खाली सापडले, कमरेखालचं अंग गेलं. आधी मानसं यायची, मग एकेक करून थांबली. धनी भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी बोलायची, भाताचं, गुरांचं, ह्याचं त्याचं, उत्तर नाय. घरात दोघं, आन बोलनारी मी एकलीच.

एक दिवस उन्हाल्यात उठले, छकडा जुपला, शेजारच्याला बोलवून धन्यांना वर बसवलं, माझ्या पाठीला पाठ लावून, लुगड्यानं दोघांना बांधून घेतलं. शेजारी म्हनाला, वैनी, डोकं फिरलं काय तुमचं? मी कासरा हाती घेतला.

खाडीकडचं खाजन, खाऱ्या पान्याची ती चिखलाची जमीन, सुकून कडक झालेलं, तिथं बैल सोडले. सरल पलताना काय नाय, पन बांधाशी वलले आन आतलं चाक जमीन सोडायला लागलं, मी कासरा खेचायला गेले, तर पाठीमागून आवाज, अगं खेचू नको, सैल सोड, आत झुक, माझ्यासंगं झुक. झुकले. छकडा एका चाकावर, जरा इकडं तरी उलटला, जरा तिकडं तरी बसला, असा अधांतरी, आन त्या घटकेला भीतीच नाय, सगलं अंगाला कलत व्हतं, बैलांचा दम, मातीची पकड, धन्यांचा श्वास. मग चाक दनकन खाली आलं. धनी म्हनाले, परत घे.

पाऊस लागंपर्यंत रोज गेलो. घरी येऊन धनी बोलायचे, आज उशिरा झुकलीस, उद्या आतल्या बैलाला आधी आवर. बोलायचे, बोलायचे, जेवन थंड व्हायचं. त्याच पावसाल्यात तापानं गेले.

बैल आता दिराकडं. तो चांगला हाय, बाजारच्या वाटेवर गाडी थांबवतो, वैनी बसा म्हनतो. मी चालतच जाते. तो म्हनतो, रुसलात काय? नाय रे बाबा, रुसायला कोन हाय. पन चाक उठतं तवा कसं वाटतं, ते बोलावं कोनापाशी? तुमी ऐकलंत, देव तुमचं भलं करो.