तीन मिनिटं वीस सेकंदांचा दादा

…आणि वर आवाज नाही! म्हणजे बघा, माणूस भिंतीवर तोंड हलवतोय, हसतोय, शिव्या देतोय, आणि ऐकू काय येतं? मशीनची खडखड! त्यापेक्षा शिलाई मशीन परवडलं, खडखडून झाल्यावर निदान उशीचा अभ्रा तरी मिळतो. तुम्हाला सांगतो, तुमच्यात कुणी हौशी फिल्मवाला बसला असेल तर राग मानू नका, पण मला एकच विचारायचंय… व्हिडिओ काय वाईट होता?

हे मी दादाला हजारदा विचारलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लिफ्टमधून अडकलेली माणसं ओढून काढायची आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा डोळ्याला लावून गल्लीत उभं राहायचं. त्यातली फिल्म केवढी? करंगळीच्या नखाएवढी रुंद! आणि सिनेमे कशाचे? नट नाही, नटी नाही. रस्त्यावर डांबर ओततायत, काढ सिनेमा. आई सुईत दोरा ओवतेय, काढ सिनेमा. बरं, फिल्मची एक डबी घातली की चालणार किती? तीन मिनिटं वीस सेकंद! आईला दोरा ओवायला चार लागतात! सिनेमा संपला तरी दोरा बाहेरच!

मग ती डबी पोस्टानं परगावी पाठवा. तिकडे ती धुणार. दीड महिन्यानं परत येणार. आई म्हणायची, "अरे, माझ्या चादरी धुऊन, वाळून, पुन्हा मळल्यासुद्धा, तुझी फिल्म कुठाय?" आणि आल्यावर कधी कधी काय कळणार, तर सगळा काळोख आलाय! मोबाइल काढ, बटण दाब, तिथल्या तिथं बघ, नाही आवडलं तर पुसून टाक. व्हिडिओ काय वाईट होता?

तर दादा म्हणायचा, "बारक्या, तुझ्या मोबाइलमध्ये व्हिडिओ किती?"

"असतील दोन-तीन हजार."

"त्यातला तू दुसऱ्यांदा बघितलास, असा एक सांग."

"टेम्पो उलटला होता ना, तो!" मी टेम्पो चालवतो, मला तेच आठवणार.

"तो लोकांनी पाठवलेला. तू काढलेला सांग."

मी मोबाइल खिशात घातला.

"तू बटण दाबतोस आणि दुसरीकडे बघतोस. माझ्याकडे तीनच मिनिटं असतात, बारक्या. दाबायच्या आधी नीट बघावं लागतं. संपतच नसतं, तर मीही कशाला बघितलं असतं?"

झालं! आणि स्वतःचं काय, तर मी मोबाइल वर केला रे केला की याचा पंजा पुढे! "नको, नको, बंद कर." सव्वीस व्हिडिओ आहेत माझ्याकडे दादाचे, हवं तर आत्ता दाखवतो… सव्वीसच्या सव्वीस तळहात! आयुष्यरेषा बघून घ्या, चांगली मनगटापर्यंत लांब आहे. बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्या एक्केचाळीस सिनेमांत शोधा, तर तिथंही नाही. असणार कसा? कॅमेऱ्यामागे हाच!

रक्ताचा आजार. चार महिने. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यातून निरोप आला, कॅमेरा घेऊन ये. मला वाटलं, आता नर्सबाईंचा सिनेमा निघणार. तर यानं कॅमेरा माझ्याच हातात दिला, भिंत धरत धरत व्हरांड्यात गेला, कठड्याला टेकला, गळ्याजवळची सुई दिसू नये म्हणून शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "हं. घे मला."

जन्मात पहिल्यांदा पंजा खाली! म्हटलं, "दादा, मोबाइलवर घेतो की. आवाज येईल, हवा तेवढा वेळ येईल. व्हिडिओ काय वाईट आहे?"

"मोबाइलवर घेशील आणि मधेच मेसेज वाचशील. यातून घे. तीन मिनिटं माझ्याकडे बघ फक्त."

आता मला सांगा, असं कुणी मागतं का? पण बघितलं. सख्खा भाऊ, एका ताटात जेवलोय, एका पांघरुणासाठी मारामाऱ्या केल्यात, पण सलग तीन मिनिटं त्याच्या तोंडाकडे कधी बघितलं होतं मी? कान केवढे मोठे दिसायला लागले होते! आणि हा सगळा वेळ मला झापत होता. "हलवू नको, गाढवा! कोपर पोटाशी धर! हलतंय, हलतंय!" कॅमेरा कसला हलतोय, मीच हलत होतो… पण ते त्याला सांगायचं कसं? शेवटी माझा अवतार बघून हसायलाच लागला. हसतोय, हसतोय, आणि खटकन डबी संपली.

पोस्टात टाकली. अठ्ठाविसाव्या दिवशी दादा गेला. त्यानंतर सतरा दिवसांनी पार्सल घेऊन पोस्टमन दारात. "सही त्यांचीच लागेल."

म्हटलं, "ते नाहीत."

"मग कधी भेटतील?"

म्हटलं, "तुमच्या हातात आहेत. द्या इकडे!"

दादाचं हौशी फिल्मवाल्यांचं एक मंडळ होतं; त्याचे म्होरके, चष्म्याच्या दुकानवाले काका, प्रोजेक्टर घेऊन घरी आले. भर दुपार. खिडकीला चादर लावली तर ती सारखी घसरायची, म्हणून काका ती धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुम्ही फक्त बटण दाबा. चालू असताना कशालाही हात लावायचा नाही."

दाबलं. आणि भिंतीवर दादा! चालता-बोलता, शर्टाचं बटण लावलेला! आई पलंगावरून उठून पार भिंतीशी गेली.

"काय म्हणतोय रे?"

गाढव म्हणतोय, हे सांगू?

"मला हाक मारतोय का?"

म्हटलं, "हो."

मग तो हसायला लागला. आई एकदम ओरडली, "थांब, थांब! इथंच थांबव रे, नीट बघू दे मला त्याला!"

आता तुम्हीच सांगा. आईनं सांगितलं, थांबव. मला सवय कसली? मोबाइलवर अंगठा टेकवला की जग थांबतं! घातला हात आणि वरचं चाक गच्च धरलं. थांबला. दादा थांबला. भिंतीएवढा, हसत… आणि कॉलरवर एक तपकिरी ठिपका आला.

आत दिवा असतो हो, निखाऱ्यासारखा! फिल्म पळत राहते म्हणून वाचते. मला काय माहीत? ठिपका गळ्यावर आला, हनुवटीवर आला, फोड आले, दूध करपावं तसं तोंड करपत गेलं. काका ओरडतायत, "सोडा! चाक सोडा!" आणि माझा हात सुटेना. मला वाटलं, सोडलं तर जाईल तो.

काकांनी वायर उपटली. भिंत काळी.

आई म्हणाली, "काय झालं रे त्याला?"

चार महिने तिनं हा प्रश्न एकेका डॉक्टरला विचारला होता. आज मला विचारला, आणि आज उत्तर येत होतं.

बोला, आता बोला… व्हिडिओ काय वाईट होता?

काकांनी फिल्मच्या करपलेल्या अकरा चौकटी कापल्या, बारीक चिकटपट्टी लावली. म्हणाले, "अर्ध्या सेकंदाचा मामला. एक झटका बसेल, बाकी दादा तुमचा शाबूत." इतकं स्पष्ट दवाखान्यात कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी तो मोबाइलमध्येही उतरवून दिला. हवा तितका थांबवा! थांबवला. जेवण होईपर्यंत ताटासमोर थांबवून ठेवला. काही झालं नाही. करपला नाही, हलला नाही. तसा फोटो भिंतीवर आहेच की एक. आईला दिला, तर तिनं विचारलं, "यात तो कधीही दिसेल ना?" म्हटलं, कधीही! "मग बघू नंतर," म्हणाली आणि मोबाइल ठेवून दिला. महिना झाला. ते 'नंतर' अजून आलेलं नाही.

मशीन मात्र दर रविवारी लावायला लावते. प्रत्येक खेपेला फिल्मवर नवे ओरखडे. काका म्हणतात, शंभर-दीडशे वेळा तग धरेल. आणि दर रविवारी तो हसायला लागला की आई त्याच जागी ओरडते, "थांबव रे!" सगळं माहीत असून! आणि मी? सात वर्षं शाळेत मास्तर बोंबलून बोंबलून मेले, हाताची घडी, तोंडावर बोट! छड्या खाल्ल्या, पण एकदाही घातली नाही.

आता न सांगता घालतो.