किल्ली ज्याच्या गळ्यात

धाकटा: अक्का, आधी त्या बोटीखालून बाहेर ये. मघापासून मी तुझ्या पायांशी बोलतोय.

अक्का: बोल की. पाय ऐकतायत.

धाकटा: ट्रक निघालाय तिकडून. वर्कशॉपवाल्यांशी बोलणं झालंय माझं. बोट नेतील, सगळी खोलतील, नीट करून आणून देतील.

अक्का: कोणाला विचारून बोलावलास ट्रक?

धाकटा: बोट दोघांच्या नावावर आहे.

अक्का: नावावर दोघांच्या, अंगावर माझ्या एकटीच्या. तो पाना सरकव इकडे.

आई: तुझ्या बुटापाशी आहे बघ, धाकट्या. लांब दांड्याचा.

धाकटा: आई, तू तरी सांग हिला. आणि तू या ओल्या शेडमध्ये नळापाशी काय करतेस?

आई: नळ माझ्याकडे असतो. हिचं काम झालं की ही इंजिन चालू करणार, मग मी पाणी सोडणार. आतून धुवून निघतं सगळं. पाणी आधी सोडलं तर इंजिनात शिरतं. तुझ्या बाबांनी हे काम कधी दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

धाकटा: अगं, नुसता नळ तर सोडायचा!

आई: एकदा तुझ्या काकांनी आधी सोडला होता. आठवडाभर बोट खोलून पडली होती. तेव्हापासून काका नळाकडे बघतसुद्धा नाहीत.

धाकटा: हेच सांगतोय मी! ज्याचं काम त्याने करावं. तिथे शिकलेली माणसं आहेत, मशिनं आहेत.

अक्का: आहेत ना. मागच्या वर्षी बेअरिंग गेलं तेव्हा मीच पाठवली होती बोट त्यांच्याकडे. ते दाबून बसवायला मशीन लागतं, माझ्याकडे नाही. जे मला जमत नाही ते मी हट्टाने करत नाही. पण ऑइल बदलायचं, ग्रीस भरायचं, जाळी साफ करायची, पंख्याची पाती बघायची, एवढ्यासाठी बोट तीन आठवडे दुसऱ्याच्या अंगणात? नदीपलीकडची नर्सबाई रोज कशी येणार? पोहत?

धाकटा: तीन आठवडे कोण म्हणालं?

अक्का: मागच्या वेळी तेवढेच लागले होते. ‘उद्या देतो’, ‘परवा देतो’. फोन उचलायला त्यांच्याकडे एक माणूस आहे, त्याला फक्त हेच बोलता येतं.

धाकटा: विषय बदलू नकोस. तुला माहितीये मी का आलोय.

अक्का: माहितीये. तोंडाने बोल पण.

धाकटा: माझी छकुली होती त्या दिवशी बोटीत. नदीच्या मध्यावर बंद पडली तुझी बोट. खडकाकडे वाहत चालली होती. मी काठावर उभा होतो, अक्का. मला धड पोहता येत नाही. मी नुसता उभा होतो.

आई: अरे बाळा.

धाकटा: रात्री झोपेत अजून ते खडक दिसतात मला. आणि तू म्हणतेस, मी घरीच करते सर्व्हिसिंग.

अक्का: थांब. आले बाहेर. हं, आता तोंडाशी बोल. दोर गिळला होता बोटीने. कोणाचा तरी तुटका दोर पाण्यात तरंगत होता. बाहेर पंखा असता तर या नदीत पहिल्याच खडकावर फुटला असता. आपला पोटात आहे, खालून पाणी ओढतो, मागून फेकतो. जाळीतून घुसेल ते गिळतो. हे वर्कशॉपमधून आलेल्या नव्या कोऱ्या बोटीलाही झालं असतं.

धाकटा: कशावरून?

अक्का: आणि मग काय झालं ते का सांगत नाहीस? मी किल्ली काढली, मागचं झाकण उघडलं, खांद्यापर्यंत हात घातला आणि दोर ओढून काढला. खडक लागायच्या आत. ते झाकण कुठे आहे, हात कसा वळवायचा, पातं कुठे कापतं, हे मला माहीत होतं, कारण दर महिन्याला मी इथे हेच करते. तुझा वर्कशॉपवाला येणार होता का तिथे, पाण्यातून चालत?

आई: कोपरापर्यंत सोललं होतं हिचं. दोन दिवस मी जेवण भरवलं.

अक्का: आई, भरवलं नव्हतंस. चमचा दिला होतास.

आई: तेच ते.

धाकटा: मला कळतं गं ते. पण नशीब दर वेळी...

अक्का: नशीब नाही! नशीब म्हणायचं नाही त्याला माझ्यासमोर. सवय होती हातांना. ही बोट तू विकायला काढ, कागदावरच्या सहीसाठी भांड, कोर्टात जा. पण मला ती कळत नाही असं म्हणू नकोस.

धाकटा: विकायचं कोण म्हणालं?

अक्का: एकदा वर्कशॉपच्या आवारात गेली की गिऱ्हाईक तिथे उभंच असतं. तुझ्या मनात नसेल. त्यांच्या असतं.

धाकटा: ...ते विचारत होते खरं.

आई: बघ.

धाकटा: बरं. मग दाखव. सगळं ठीक आहे म्हणतेस ना, दाखव मला.

अक्का: ये. हे काढलेलं ऑइल बघ. काळं आहे, ते चालतं. दुधासारखं झालं असतं तर पाणी शिरलं म्हणायचं, आणि मी स्वतः ट्रकवाल्याला चहा पाजला असता. ही जस्ताची वडी. गंज आधी हिला खातो, बोटीला नाही. अर्धी झालीये, बदलते आहे. आता खाली वाक. जाळी काढलीये. हाताने पंखा फिरव.

धाकटा: फिरवतो. अक्का! खरखरतंय. ऐकलंस? घासतंय कुठेतरी! हे ठीक आहे?

अक्का: ऐकलं. म्हणून तर मघापासून खाली होते. पंख्याभोवतीचं कडं आणि पातं यांच्यामध्ये खडा अडकलाय. मला लागतोय, पण माझी बोटं जाड झालीयेत, पोचत नाहीत. तुझी कारकुनी बोटं आहेत. काढ तू.

धाकटा: मी?

अक्का: थांब, तसाच हात घालू नकोस! मान पुढे कर.

धाकटा: हे काय घालतेस?

अक्का: किल्ली. ज्याचा हात पंख्यात, किल्ली त्याच्या गळ्यात. म्हणजे बाहेर कोणीही कितीही शहाणपणा केला तरी इंजिन चालू होत नाही. बाबांचा नियम. ते गेल्यापासून या गळ्यातून त्या गळ्यात पहिल्यांदाच जातेय.

धाकटा: गार आहे.

अक्का: पातं कापतं, पालथा हात ने. लागला?

धाकटा: लागला... नाही... हा! निसटतोय मेला.

आई: शिव्या देऊ नकोस, फिरव त्याला.

धाकटा: आला! एवढासा आहे गं. हरभऱ्याएवढा.

अक्का: फिरव आता पंखा.

धाकटा: काहीच आवाज नाही.

अक्का: काहीच नको असतो. पात्याच्या कडेला कुठे लागलंय का, बोट फिरवून बघ.

धाकटा: एक बारीक खाच आहे.

अक्का: कानस घे. हळू. दाढी करतोयस असं समज.

(बाहेर ट्रकचा हॉर्न वाजतो. पुन्हा वाजतो.)

आई: आला वाटतं.

अक्का: आला. बरं झालं. किल्ली तुझ्याच गळ्यात आहे, धाकट्या. बोट ट्रेलरवर चढवलेलीच आहे. मी आडवी येणार नाही. पण मदतही करणार नाही, आणि निरोप द्यायला दारातही उभी राहणार नाही.

धाकटा: अशी काय बोलतेस.

अक्का: अशीच बोलते. जा, दे त्याला.

आई: माझा नळ मात्र कोणी नेणार नाही.

धाकटा: जाळी कशी बसवायची?

अक्का: काय?

धाकटा: जाळी. आधी कुठला बोल्ट?

अक्का: ...समोरासमोरचे. एकदम आवळायचे नाहीत, थोडे थोडे.

धाकटा: आई, त्या माणसाला सांग, रिकामाच जा म्हणावं. भाडं मी देतो. माझे हात ग्रीसने भरलेत.

आई: ओ दादा! रिकामेच जा! मुलगा कामात आहे!

धाकटा: अक्का, छकुली सुट्टीत येतेय. मी तिला सांगितलं होतं, आत्याच्या बोटीत पुन्हा बसायचं नाही.

अक्का: मग?

धाकटा: सारखी विचारते, आत्याचा हात बरा झाला का. बोटीला घाबरलोय तो मी. ती नाहीच घाबरली. झाला हा बोल्ट. बघ, सैल नाही ना?

अक्का: नाही. चांगला बसलाय. आता वर चढ, किल्ली तूच फिरव. आणि पाणी कधी मागायचं?

धाकटा: आधी इंजिन. मग पाणी.

अक्का: फिरव.

धाकटा: चालू झालं! अक्का, इंजिन चालू झालं बघ! आई, पाणी!

आई: बापासारखा ओरडू नकोस. सोडलंय.