साकव शेवटी काढायचा

मंडळी, बोलायला उभा राहिलो खरा, पण शब्द फुटत नाहीत. निम्मं कारण शोक, निम्मं ती उदबत्ती. कोणी लावली हे विचारत नाही. पण अख्खं वाचनालय मोकळं असताना उदबत्तीचं घर दत्ताभाऊंच्या सर्व्हरवरच का ठेवावं? धूर पंख्यातून आत जातोय. भाऊ असते तर शोकसभा आपलीच आहे हे विसरून ओरडले असते. उचला ती कोणीतरी. हां. आता बोलतो.

दत्ताभाऊ बोटीवर इलेक्ट्रिशियन. निवृत्त होऊन रत्नागिरीत परतले ते संगणकाचं लिनक्स शिकूनच. मी संस्कृतचा मास्तर. घराघरांतून जमवलेल्या पोथ्यांचे फोटो आम्ही त्या पलीकडच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या डब्यात साठवले. इकडचा सर्व्हर ते फोटो नेटवर्कवरून उघडतो. यंत्र चालू होताना आणि बंद होताना काय आधी, काय नंतर, हे भाऊंनी फाइलींत लिहून ठेवलेलं.

मी एकदा त्यात सुधारणा केली. म्हटलं, नेटवर्क सकाळी पहिलं येतं, तर संध्याकाळी पहिलं जाऊ दे. आवाहन पहिलं त्याचं, विसर्जनही पहिलं त्याचं. न्याय आहे की नाही? बंद होण्याच्या यादीत नेटवर्कची ओळ सगळ्यांत वर नेली. यंत्र तासभर ‘बंद होत आहे’ म्हणत बसलं.

भाऊ आले. पाहिलं. म्हणाले, “काय ओ गुरुजी! पोथ्या पलीकडे उघड्या, आणि तुम्ही मधला नेटवर्कचा साकव काढलात? माणसं ओढ्यापल्याड ऱ्हायली ना!”

“मग करायचं काय?”

“आधी माणसं अलीकडे आणायची. साकव शेवटी काढायचा. शिकवता काय ओ पोरांना?”

त्या फाइलीत त्यांनी लगेच टीप लिहिली: ‘साकव शेवटी. गुरुजींनी हात लावू नये.’ ती आजही आहे. माझ्यावर इतकं नेमकं भाष्य दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

आता दोन मिनिटं उभे राहू. त्याआधी एक सांगतो, थट्टा नाही. गेल्या महिन्यात भाऊंनी नेटवर्कचं कार्ड बदललं. यंत्राने नव्या कार्डाला नवं नाव दिलं; फाइलीत जुनंच आहे. भाऊंनी तेवढ्यापुरतं नेटवर्क हाताने चालू केलं. म्हणाले, “रविवारी या गुरुजी. नाव तुम्हीच बदला, मी बघतो.” शनिवारी ते गेले.

यंत्र तेव्हापासून चालूच आहे. मंगळवारी दिवसभर लाईट जाणार आहे. मला ते बंद करावं लागेल, आणि चालू होताना ते फाइलीतलं जुनंच नाव शोधणार. साकव पुन्हा उभा राहिला नाही, तर हाक कोणाला मारायची, हे मला ठाऊक नाही.

उभे राहूया.