काकांचे चिरे आणि माझं भाषण

माझी फजिती ऐका. मुंबईची गिरणी बंद पडली आणि आमच्या पालीचा गंगाराम रिकाम्या हाताने गावी परतला. घरात दाणा नव्हता, म्हणून तो आमच्याकडे तांदूळ मागायला आला.

काका म्हणाले, "आधी हे चिरे कुंपणाशी नेऊन रच. फुकट दिलं की माणूस आळशी होतो."

कालच त्यांनी तेच चिरे कुंपणापासून अंगणात आणवले होते. मी भडकले. "फुकट जेवून आळशी झालेला एक माणूस दाखवा मला."

तांदूळ निवडता निवडता काकू म्हणाली, "खरं आहे हिचं. बी.ए. होऊन वर्षभर घरी बसून जेवत्ये, पण भाषण एक दिवस चुकवलेलं नाही."

काकांना हसू आवरेना. गंगारामला तांदूळ मिळाले. काकूने सूप माझ्या मांडीवर ठेवलं.